दुसऱ्या पानावरचा अर्थ

दहावीला संस्कृतमध्ये शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मार्क मिळवलेल्या माणसाइतका संस्कृतला घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मार्क पदरात पडले की वर्षभरात तो सगळं विसरतो, आणि मग आयुष्यभर त्याला एकच धास्ती असते, की चारचौघांत कुणीतरी आपल्याला अर्थ विचारेल. मी सांगणार आहे ती गोष्ट या धास्तीमुळे घडली. मी कुणाला फसवलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर तसं फार बोललं गेलं.

माझं नाव वैजयंती. १९९३च्या जूनपासून मी नेरूळला सागरतीर्थ शिक्षण संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात संस्कृत शिकवत होते. दोन वर्षांचं प्रोबेशन होतं. पंच्याण्णवच्या जूनमध्ये कायम होण्याचं पत्र मिळायचं होतं आणि मी त्याची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू? वडाळ्याच्या दीड खोलीतून आम्ही इथे आलो होतो. इथे दोन बेडरूम, वारा, गॅलरीतून खाडी. आमची सोसायटी उभी आहे तिथे आधी भातखाचरं होती, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्यावर विचार करणं यात बरंच अंतर असतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत बातमी आली की संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळणार. लगेच बोधचिन्ह तयार झालं. त्यात पुस्तक होतं, दिवा होता, कमळ होतं, दोन लाटा होत्या आणि खाली एक कोरी फीत. अध्यक्ष नंदकिशोरशेठ यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि त्या फितीवर बोट ठेवलं.

"मॅडम, इथे तीन-चार शब्द टाकायचेत. संस्कृत. एकदम वजनदार पायजे. वाचलं की माणूस गप्प झाला पायजे."

"अर्थ काय हवा?" मी विचारलं.

"अर्थाचं टेन्शन नका घेऊ. विद्या, ज्ञान, प्रकाश, असलं काहीतरी बघा ना तुमी."

मला दिलेलं काम मी नीट करते, ही माझी खोड आहे. मी देशोदेशीच्या विद्यापीठांची चाळीस बोधवाक्यं जमवून कार्डांवर लिहून काढली. संस्कृत, लॅटिन, थोडी फारसी आणि अरबी. त्यांत प्रकाश एकवीस वेळा होता, सत्य चौदा वेळा. बहुतेक सगळी अशा भाषेत, जी ना शिपाई बोलतो, ना विद्यार्थी, ना कुलगुरू. आणि एका गोष्टीने मी चिडलेच. हा प्रकाश कुणासाठी, हे चाळीसपैकी एकाही वाक्यात नव्हतं. दाराशी उभ्या असलेल्या माणसाशी एकही वाक्य बोलत नव्हतं. सगळी त्याच्या डोक्यावरून पलीकडे, दुसऱ्या विद्यापीठांकडे बघून बोलत होती.

आमच्या ज्युनिअर कॉलेजचं बोधवाक्य होतं 'विद्या वर्धतां तेजसा'. तेजाने विद्या वाढो, एवढाच अर्थ. एका सकाळी मी गेटवर उभी राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो विचारला. अकरावीतला एक मुलगा म्हणाला, "मॅम, सिलॅबसमध्ये आहे का?" प्राचार्य श्यामसुंदर सर घड्याळ बघत म्हणाले, "अहो, ते आपलं हे... उपनिषदातलं." ते वाक्य खरं म्हणजे शेठच्या सासऱ्यांनी केलेलं होतं. शेवटी मी आमच्या स्टाफरूमची साफसफाई करणाऱ्या गोजराताईंना विचारलं. त्यांनी झाडू भिंतीला लावला, मान वर करून अक्षरांकडे पाहिलं.

"मना वाचता येत नाय, बाई. पन तां आमच्यासाठी लिवलेला नाय, येवरा कलतं."

गोजराताई करावे गावच्या. कॉलेजपासून गाव हाकेच्या अंतरावर. कॉलेजात त्या झाडू मारायच्या, पण गावात त्यांचा मान वेगळा होता. त्या धवलारीण. त्यांच्या आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतात. ती धवले गाते, देवांना आवतण देते, हळद लावते, आणि तिने म्हटल्याशिवाय पुढचा विधी होत नाही. हे सगळं तोंडपाठ. गोजराताईंना एक अक्षर येत नव्हतं आणि दोन दिवस पुरतील एवढी गाणी येत होती. आईच्या मागून म्हणत शिकलेली. एक शब्द इकडचा तिकडे केलेला त्यांना खपायचा नाही.

त्या दिवशी त्या खाली बसल्या आणि बोलायला लागल्या. कॉलेजच्या मैदानाखाली त्यांच्या सासऱ्यांचं शेत होतं. नुसतं त्यांचं नाही, गावातल्या अकरा घरांचं. अठ्ठ्याऐंशी साली ही जागा संस्थेला मिळाली तेव्हा गाव आडवा आला होता. मग नंदकिशोरशेठ स्वतः गावच्या देवळात आले, नारळ फोडला आणि शब्द दिला.

"काय शब्द दिला?"

गोजराताईंनी डोळे मिटले आणि शेठच्या आवाजात, शेठच्या ठेक्यात म्हणून दाखवलं, "ज्यांची जमीन, त्यांना दार पहिलं. देवीची शप्पत." मग डोळे उघडले. "सात वरसां झाली. अकरा घरांतला येक पोर नाय घेतला. कालदीस मी गेलू व्हतू हापिसात. आमची पोर जागृती बारावीला बसली हाय, तिला ते कंपुटरचं शिकाचा हाय. तो केयूरसाहेब बोलला, कागद दाखवा."

केयूर हा शेठचा पुतण्या, नव्या विद्यापीठाचा होऊ घातलेला कुलसचिव. मी त्याच्याकडे गेले. तो कॉम्प्युटरवर पत्ते खेळत होता.

"मॅडम, तोंडी कमिटमेंटला काय व्हॅल्यू असते का? देवळात काय, कोण काय पण बोलतं. रायटिंगमध्ये आहे का काही? नाही ना? मग विषय संपला."

मला राग आला की माझे कान आधी तापतात. त्या दुपारी 'रघुवंश' शिकवताना माझे कान तापलेलेच होते. जे लोक बोललेला शब्द सात वर्षं काना-मात्रेसकट सांभाळतात त्यांना अडाणी म्हणायचं, आणि जे देवळात शपथ घेऊन ऑफिसात विसरतात त्यांनी विद्यापीठ काढायचं. वर त्यांना वजनदार वाक्य मी पुरवायचं! लेखी हवंय ना? मग देते लेखी, असं मी मनाशी म्हटलं.

घरी जाऊन मी चाळीस कार्डं बाजूला सारली आणि एक ओळ लिहिली.

येषां भूमिस्तेषां प्रथमं द्वारम्।

ज्यांची जमीन, त्यांना दार पहिलं. शेठच्या वाक्याचं शब्दाला शब्द संस्कृत. यात कसलाही छुपा डाव नव्हता. मी रीतसर टिपणी तयार केली. पहिल्या पानावर बोधवाक्य, सुबक अक्षरात. दुसऱ्या पानावर मराठीत अर्थ, आणि त्याखाली 'संस्थेच्या अध्यक्षांनी १९८८ साली करावे येथील देवळात ग्रामस्थांना दिलेले वचन' अशी नोंद. दोन्ही पानांवर सहीसाठी पेन्सिलीने फुल्या केल्या, पानं स्टेपल केली आणि समितीपुढे ठेवली.

समिती म्हणजे शेठ, श्यामसुंदर सर आणि केयूर. तिघांनाही दहावीला संस्कृत होतं, हे मला तिघांनीही आपणहून सांगितलं.

शेठनी ओळ मोठ्याने वाचली. दोनदा अडखळले. मग मान डोलावली. "वा. भूमी... द्वार... म्हणजे भारतभूमीचं ज्ञानद्वार. काय, सर?"

"अगदी! आणि 'प्रथमं' म्हणजे नंबर वन." श्यामसुंदर सरांनी डोळे किलकिले केले. "उपनिषदातलं वाटतंय. केन का कठ?"

"उपनिषदातलं नाही," मी म्हटलं. "वाक्य शेठचंच आहे. मी फक्त संस्कृत केलंय. दुसऱ्या पानावर अर्थ आहे."

शेठ खूश होऊन हसले. त्यांना ती स्तुती वाटली. "काय मॅडम, चढवता का आम्हाला? आमी एवढे विद्वान कधीपासून?"

केयूरने फक्त फितीत अक्षरं मावतात का ते विचारलं. मावत होती. तिघांनी फुल्या बघून सह्या केल्या, पहिल्या पानावर आणि दुसऱ्याही. दुसऱ्या पानावर सही करताना शेठची नजर अर्थाच्या ओळीपासून चार बोटांवर होती. मी थांबले. मनातल्या मनात दहा आकडे मोजले. अर्थ वाचायचा म्हणजे आपल्याला तो येत नव्हता हे कबूल करायचं, आणि ते त्या टेबलाशी कुणालाच जमलं नाही.

एप्रिलमध्ये वाक्य लेटरहेडवर आलं, मेमध्ये माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर, आणि मग मुख्य दाराशेजारी काळ्या ग्रॅनाइटवर, सोनेरी अक्षरांत. दगडावर उद्घाटनापर्यंत मखमली पडदा टाकला होता. दोन हजार माहितीपुस्तकं वाटली गेली. दोन हजार घरांपैकी एकाही घरातून कुणी अर्थ विचारायला आलं नाही.

आणि इथे माझी एक गोष्ट कबूल करायला हवी. मी गोजराताईंना काही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, कुणीतरी वाचेल, विचारेल, आपोआप वाचा फुटेल. तसं झालं नाही, आणि इकडे जून आला. क्लार्कने मला सांगितलं की माझं कायम होण्याचं पत्र टाइप झालंय, फक्त उद्घाटनानंतर शेठची सही व्हायची आहे. मी घाबरले. आपलं काम आपण केलं, आता गप्प बसावं, असा विचार माझ्या मनात आला आणि चांगला चार दिवस मुक्कामाला राहिला.

पाचव्या दिवशी कॉम्प्युटरच्या पहिल्या तुकडीची यादी लागली. साठ नावं. जागृतीला बारावीला त्र्याहत्तर टक्के मिळाले होते. तिचं नाव नव्हतं. यादीतल्या सात-आठ मुलांना मी स्वतः शिकवलं होतं, त्यांचे मार्क मला माहीत होते. एक तर जेमतेम पन्नासवर होता. जागृती बोर्डासमोर उभी राहून एकेका नावावर बोट ठेवून यादी तिसऱ्यांदा वाचत होती. मी तिच्या मागे उभी होते. तिने वळून मला विचारलं, "मॅडम, मी कुटं चुकली?"

मला माझी लाज वाटली. मी तशीच स्टाफरूममध्ये गेले, दार लावलं आणि गोजराताईंना सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दगरावर हाय? शेठचा बोलना? देवाच्या भाषेन?"

"आहे. आणि कागदावरही आहे, त्यांच्या सहीने."

"म्हना बघू येकदा."

मी म्हटलं. त्या माझ्या मागून म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा मला म्हणावंच लागलं नाही. माझ्या बारावीच्या वर्गाला चार ओळींचा श्लोक पाठ व्हायला आठवडा लागतो. गोजराताईंनी अनोळखी भाषेतली ओळ चहा निवायच्या आत पाठ केली, आणि उठताना मला विचारलं, "तुमची नोकरी जाईल ना, बाई?"

"बघू," मी म्हटलं. माझे कान पुन्हा तापले होते, आणि मला ते बरं वाटत होतं.

उद्घाटनाला दिल्लीहून मोठे पाहुणे आले होते. दाराबाहेर मांडव, पुढे सोफे, मागे सतरंज्या. गोजराताईंना त्या दिवशी पाण्याचे पेले फिरवायची ड्युटी होती. त्या आल्या, पण पेले फिरवायला नाही. लग्नात नेसतात तसं ठेवणीतलं लुगडं नेसून, गावातल्या पंचवीस-तीस बायका आणि जागृतीला घेऊन आल्या आणि सतरंजीवर बसल्या. केयूर उठवायला धावला, पण पत्रकार फोटो काढत होते. "लोकल पार्टिसिपेशन," असं श्यामसुंदर सर पाहुण्यांना म्हणाले.

पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा सरकला, टाळ्या झाल्या. पाहुणे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चष्मा लावून ओळ सावकाश वाचली, माइककडे वळले आणि विचारलं, "बहुत सुंदर. इसका अर्थ क्या है?"

शेठनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी केयूरकडे पाहिलं. केयूरने माझ्याकडे. मी उठले. पण माझ्याआधी सतरंजीवरून आवाज आला. माइक नव्हता, त्याची गरजही नव्हती. लग्नाच्या मांडवात वाजंत्र्यांवर चढणारा आवाज तो.

"येषां भूमिस्तेषां प्रथमं द्वारम्!"

गोजराताई उभ्या होत्या. धवल्याच्या चालीत त्यांनी ओळ पुन्हा म्हटली, आणि मागच्या बायकांनी ती उचलली. मग त्या शेठकडे बघून, सरळ गावच्या बोलीत म्हणाल्या, "अर्थ मी सांगतू. ज्यांची जमीन, त्यांना दार पयलं. हा शेठचा बोलना हाय. आमचे देवलान, नारल फोरून, देवीची शप्पत घेऊन बोलला व्हता. आज दगरावर लिवला. शेठ, आमी आलोव. आता दार उघरा."

पाहुण्यांना मराठी कळलं नाही. मी माइकपाशी गेले आणि हिंदीत सांगितलं, एक शब्दही न वाढवता, न गाळता. अकरा घरं, सात वर्षं, आणि ही मुलगी जागृती, त्र्याहत्तर टक्के.

पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ते भारावून शेठचा हात हातात घेऊन म्हणाले, की आजवर ज्ञानाची महती सांगणारी बोधवाक्यं फार पाहिली, पण ज्ञान कुणाला देणार हे दगडावर लिहिण्याची हिंमत पहिल्यांदा पाहतोय. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठनी हात जोडले. दुसरं काय करणार होते? पत्रकार वहीत भराभरा लिहीत होते. पाहुण्यांनी जागृतीला पुढे बोलावलं आणि शेठच्या हातून तिला पहिला प्रवेशअर्ज देववला.

तासाभरात मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"फसवलंत तुमी आम्हाला," शेठ म्हणाले.

मी टिपणीची माझी प्रत त्यांच्यासमोर ठेवली, दुसरं पान वर करून. "ही तुमची सही."

त्यांनी पहिल्यांदाच ते पान वाचलं. वाचायला वेळ लागला. "मॅडम, दुसरं पान कोण वाचतं?"

"मी लिहिलं तेव्हा वाचायला लिहिलं होतं."

"तुमचं पत्र टाइप झालेलं, माहितीये ना?"

"माहितीये. आणि शेठ, वाक्य तुमचंच आहे हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं, तोंडावर. तुम्ही हसलात."

जागृतीचं नाव यादीत आलं. तिच्याबरोबर अकरा घरांतल्या आणखी चौघांचं. बातमी छापून आली होती, त्यामुळे मागे फिरता येत नव्हतं. मलाही पत्र आलं, वेगळं टाइप केलेलं. आपल्या सेवेची आवश्यकता नाही. मी महिनाभर घरी बसले, चिडले, एक-दोनदा रडलेही, आणि मग वाशीला एका शाळेत लागले. दिवाळीच्या सुट्टीत ग्रॅनाइट उतरवलं गेलं. नव्या दगडावर 'ज्ञानज्योतिर्विजयते' आलं. ज्ञानाची ज्योत विजयी होते. ती कुणासाठी, ते पुन्हा लिहिलं नव्हतं. दगड गेला तेव्हा मला वाटलं, झालं, संपलं सगळं.

पुढच्या मे महिन्यात गोजराताईंच्या भाचीचं लग्न होतं. मी करावेला गेले. भर दुपारी मांडवात हळद चालली होती आणि गोजराताई धवला म्हणत होत्या. एकेका देवाला आवतण, मग गावच्या देवीला, मग शेताला, खाडीला. आणि मध्येच, त्याच चालीत, माझी ओळ आली. मला आधी वाटलं भास झाला. पण चाळीस बायका त्यांच्या मागून ती म्हणत होत्या, पाच वर्षांच्या पोरीसुद्धा. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. मी पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडले. त्या सगळ्या समजल्या मी लग्नाला रडतेय.

जूनमध्ये विद्यापीठाचे प्रवेश सुरू झाले त्या सकाळी मी शाळेतून रजा काढली. करावेच्या बायका आपापल्या मुलामुलींना घेऊन नव्या दगडाखाली उभ्या होत्या, आणि मी त्यांच्यात. बारा मुलं, बारा अर्ज. दार बंद होतं. गोजराताईंनी सुरू केलं, बायकांनी उचललं. आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण शेठ गॅलरीत आले आणि त्यांनी वॉचमनला ओरडून विचारलं, "काय तमाशा लावलाय तिकडे? काय बोलतायत त्या?"

वॉचमन गोटीराम गावचाच. त्याने टोपी काढली, वर बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "काय नाय, शेठ. आपला बोधवाक्य बोलतान."

आणि शेठनी काही म्हणायच्या आत त्याने दार उघडलं.